सायकल-पोलोची मोगरी

सायकलवर बसून खेळावयाचा पोलो १८९१ सालीं आयर्लंडांत रिचर्ड मेक्रेडी यांनीं सुरू केला. २००० सालच्या सुमारास अमेरिकेंतील सिअॅटल शहरीं सायकलवरून टपाल पोंचविणाऱ्या तरुणांनीं तो गवतावरून फरशीवर आणिला. प्रत्येक बाजूस तीन गडी असतात.

त्यांची मोगरी घरगुती असे : बर्फावर घसरतांना वापरावयाच्या जुन्या काठीचा दांडा व प्लॅस्टिकच्या नळाच्या तुकड्याचें डोकें. वाद येथेंच उपजला. नळाचें तोंड रुंद ठेविलें, तर चेंडू त्यांत अडकवून नेतां येतो. मग कौशल्य गड्याचें कीं नळाचें? उलट, प्रत्येक माप नियमानें बांधलें, तर घरीं मोगरी करणाऱ्याची कल्पकता मरते.

आम्हांस वाटतें, नियमांचे हेतु निरखावे. दांड्याचें उघडें टोंक बुजवावें, हा नियम दुसऱ्याचें अंग राखतो. त्यांत सवलत नको. गोल मोगरीच्या टोंकानेंच मारावा, कुशीनें ढकलूं नये, हा नियम नेम राखतो, तोहि योग्यच. याखेरीज आकार व वजन ज्याचें त्यानें ठरवावें.

विद्यार्थिमित्रहो, मैदानावर नियमाचा तंटा पडल्यास प्रथम विचारा : हा नियम कशाचें रक्षण करतो? उत्तर सांपडलें कीं निम्मा तंटा मिटतो.