शिकलेले हात

'रोगापेक्षा औषध भयंकर' अशी एक म्हण आहे. बालगुन्हेगारांना पूर्वी जी शिक्षा मिळे, तिला ही म्हण तंतोतंत लागू पडते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये किरकोळ चोरी करणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलालाही प्रौढ कैद्यांबरोबर तुरुंगात कोंडीत असत. पक्क्या चोरांच्या सहवासात राहून तो चोरीत अधिकच तरबेज होई आणि दुसरा कोणताही धंदा येत नसल्यामुळे सुटल्यावर पुन्हा त्याच वाटेला लागे.

हे दुष्टचक्र मोडावे कसे? ब्रिस्टल शहरातील मेरी कार्पेंटर या विदुषींनी या प्रश्नाचा सखोल विचार केला. चुकलेल्या मुलाला घराची माया, शिक्षण आणि हातांना उद्योग मिळाला, तर तो सुधारू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. १८५२ साली त्यांनी ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे अशा मुलांसाठी शाळा काढली, तर १८५४ साली मुलींसाठी 'रेड लॉज' ही स्वतंत्र संस्था स्थापन केली.

आपल्या देशातही याच सुमारास असे प्रयत्न सुरू झाले. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, गरीब व गुन्हेगार मुलांना कारागिरांच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय झाली. त्याच वर्षी डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत एक उद्योगशाळा सुरू केली. पुढे १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे तिला बळ आले व ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

हातकामाने मन कसे सुधारते? सुतारकामाचेच उदाहरण घ्या. माप चुकले, तर सांधा बसत नाही. लाकडापुढे खोटे बोलून चालत नाही की कोणाची सबब सांगून भागत नाही. पुन्हा मोजावे लागते, पुन्हा रंधा मारावा लागतो. असे करता करता एके दिवशी चौरंग तयार होतो. ज्याला आजवर लोकांनी केवळ 'चोर' म्हणून हिणवले, त्याला 'हे मी केले' असे म्हणता येते. चूक दुरुस्त करता येते, हा धडा त्याचे हातच त्याला शिकवितात.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अशा मुलांच्या कौशल्यशिक्षणाची तरतूद केली आहे. मुलाला नव्याने आयुष्य सुरू करण्याची संधी मिळावी, हे तत्त्वही त्यात स्वीकारले आहे. परंतु कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच सोबत करू शकतो. आत घ्यावयाचे की नाही, हे मालक ठरवितो. शेजारी बसू द्यावयाचे की नाही, हे सोबती ठरवितात. त्यांनी पाठ फिरविली, तर शिकलेले हातही रिकामे राहतात आणि जुनी वाट तर उघडीच असते. म्हणून मुलाने उद्योग शिकावा आणि समाजाने विश्वास ठेवण्यास शिकावे. हे दोन्ही धडे पुरे होतील, तेव्हाच ते शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल.