मोटारीची चकाकी आणि धंद्याची सचोटी

शिरोड्याची ओळख मिठागरांची. १९३० चा मिठाचा सत्याग्रह येथेही झाला. समुद्राची खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ यांचा मार येथील मोटारींच्या रंगावर बसतो. मीठ पाण्यात विरघळते, धूळ विरघळत नाही. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की ही धूळ रंगावर घासली जाते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. ते मशीनने काढण्याचे कसब आपल्या गॅरेजवाल्या बांधवांनी अवश्य शिकावे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की कंपाऊंड ओरखडा भरत नाही. ते भोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत आणते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. गेलेला थर परत येत नाही. म्हणून नखाला अडकणारा ओरखडा सोडून द्यावा.

गाडी आधी भरपूर पाण्याने, मग शाम्पूने धुवावी व सावलीत थंड होऊ द्यावी. रबर, प्लास्टिक व कडांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडांवर रंग पातळ असतो. सुरुवात मऊ पॅड व सौम्य कंपाऊंडने, तीही फूटभर जागेवरच करावी. साधे गोल फिरणारे मशीन कमी वेगावर ठेवावे, पॅड सपाट धरावे व एका जागी थांबू नये. पत्रा तापला की रंग जळतो. नवशिक्याला ड्युअल ॲक्शन मशीन अधिक सुरक्षित. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडला लागू लागला तर काम तेथेच थांबवावे.

आता मुख्य गोष्ट. काही पॉलिशमधील तेल व मेण ओरखडे झाकतात आणि चार धुण्यांत ते पुन्हा वर येतात. म्हणून वॅक्सपूर्वी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बॅटरीच्या उजेडात ग्राहकालाच पृष्ठभाग दाखवावा. धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तर आत ओल लागली. ओला माल लोकांना दिसेल असा वर ठेवायला हवा होता, अशी समज त्यांनी व्यापाऱ्याला दिली. आमच्या मते हाच नियम पॉलिशलाही लागू आहे. जे निघाले ते सांगावे, जे राहिले तेही सांगावे. बरकत त्यातच आहे.