मूळ कागद वाच

पश्चिम विहार, दिल्ली

चि. सुयोग यास,


जुन्या राजिंदरनगरात खोली मिळाली, मेसही लागली, हे ताईने कळवलं. क्लासची फी, नोट्सचे गठ्ठे, टेस्ट सिरीज, शिवाय नुसतं बसून वाचण्यासाठी दरमहा लायब्ररीचे पैसे, हा हिशेबही तिने सांगितला. क्लास तू विचार करूनच लावला असशील, त्यात मी पडत नाही. पण माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. ज्या कागदांवरून त्या नोट्स बनतात ते मूळ कागद बहुतेक सगळे फुकट आहेत आणि तुझ्या लॅपटॉपवर उघडतात. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. तू जात जा.

उदाहरण देते म्हणजे पटेल. अनुच्छेद १७, अस्पृश्यता निर्मूलन. नोट्समध्ये त्याला चार ओळी असतील. आता ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट’ हे संकेतस्थळ उघड. बंगळुरूच्या एका कायदा संशोधन संस्थेने ते चालवलं आहे. संविधान सभेच्या चर्चा तिथे तारखेनुसार लावलेल्या आहेत आणि शब्द टाकून शोधताही येतात. २९ नोव्हेंबर १९४८ ही तारीख काढ. मसुद्यात हे कलम अकरावं होतं. त्या दिवशी नझीरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती सुचवली, की अस्पृश्यता धर्म किंवा जातीवरून पाळलेली असेल तर, असं स्पष्ट लिहावं. के. टी. शहा यांनी विचारलं, की या शब्दाची व्याख्याच कुठे केलेली नाही, मग विटाळाच्या दिवसांत बाईला बाजूला बसवतात तेही यात येणार का? बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही आणि शहांच्या मुद्द्याला उत्तरही दिलं नाही. कलम मंजूर झालं आणि सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला. दाक्षायणी वेलायुधन यांचं भाषणही त्याच दिवसाचं आहे, ते चुकवू नकोस.

आता पुढे बघ. सप्टेंबर २०१८ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रकरणाचा निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हीच चर्चा काढली. व्याख्या मुद्दाम मोकळी ठेवली होती, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्याच कलमाचा अर्थ वेगळा लावला. शहांचा प्रश्न सत्तर वर्षांनी टिळक मार्गावरच्या न्यायालयात पुन्हा उभा राहिला. दोन्ही मतं सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’वर फुकट वाचता येतात, आणि तिथे काही निकालांचे मराठी अनुवादही आहेत. चर्चा आणि निकाल शेजारी ठेवून एक संध्याकाळ वाचलंस, तर उत्तरपत्रिकेत तुझं स्वतःचं काहीतरी उतरेल. हजार मुलं एकाच गठ्ठ्यातली तीच चार वाक्यं लिहितात, तेव्हा तपासणाऱ्याचं काय होत असेल याचा विचार कर.

विधेयकांचंही तसंच. दिल्लीतलीच ‘पीआरएस’ ही संस्था २००५ पासून संसदेतल्या विधेयकांचे सारांश देते. ते नेटके असतात, पण सारांशापाशी थांबू नकोस. त्याच पानावर मूळ विधेयक असतं, निदान त्याचं उद्देशपत्र तरी वाच. गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत, त्या विकत घेण्याची गरज नाही.

तू मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतलास याचा मला फार आनंद झाला. अभ्यासक्रमात ‘स्मृतिस्थळ’ आहे आणि महानुभावांच्या त्या गद्यात पहिल्याच पानावर अडायला होतं. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश महाजालावर खुले ठेवले आहेत. तिथे तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आहे आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मी नोकरीला लागले तेव्हा यातले जुने कोश पाहायला माणसं लांबून यायची. अडलेला शब्द टिपेवर सोडू नकोस, कोशात बघ, आणि अर्थ वहीत स्वतःच्या अक्षरात लिही. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ही गाइडमधून वाचायचा नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफच्या रूपात मोफत ठेवली आहेत, त्यात फुल्यांचं समग्र वाङ्मय आहे. संदर्भाला वाईचा मराठी विश्वकोश आहेच. सुरुवात तिथून करावी असं मला अजूनही वाटतं.

एक जागा मात्र परीक्षेसाठी सांगत नाही. जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत आहे, तिथल्या कागदांचं ‘अभिलेख पटल’ नावाचं पोर्टल आहे. नाव नोंदवायचं आणि शोधायचं. आपली परभणी निजामाच्या राज्यात होती, तेव्हा हैदराबाद संस्थानाविषयीच्या ब्रिटिशांच्या फायली तू चाळून बघ. गावाचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकून सापडलं नाही, तर साहेब कानाला ऐकू येईल तसं लिहायचा हे लक्षात ठेव, आणि दोन-तीन तऱ्हांनी टाक. दुष्काळ, रेल्वे, पटकी असे शब्द इंग्रजीत घालून शोधलंस तर जास्त हाती लागेल. पहिल्या दिवशी काही मिळणार नाही. तरी चिकाटीने शोध, कारण आपल्या मुलखाबद्दल कोणा अधिकाऱ्याने लिहिलेली टिपणी स्वतः वाचली, की इतिहास हा पाठ करायचा विषय राहत नाही.

आता थंडी आणि धूर दोन्ही येतील. ताई रोज मला हवेबद्दल विचारते. तू मोबाइलवर कुठलाही आकडा बघून घाबरू नकोस आणि बेफिकीरही राहू नकोस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय आकडे दिसतात. आपला निर्देशांक पाचशेलाच संपतो, काही खासगी अ‍ॅप त्यापुढे जातात, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. निर्देशांकापेक्षा पीएम २.५ चा आकडा बघ. चोवीस तासांची आपली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. तो तीनशेच्या वर दिसला तर पहाटेचं पळणं बंद, एवढं माझं ऐक.

आणि हवा बरी असेल त्या रविवारी खोलीत बसायचं नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘ई-बर्ड’ उघड, ओखल्याचा किंवा गुरुग्रामच्या सुलतानपूरचा नकाशा काढ, आदल्या आठवड्यात तिथे कोणाला कोणते पक्षी दिसले ते समोर येईल. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं उतरतात. आवाज ओळखायचे तर ‘झेनो-कँटो’वर जगभरच्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं आहेत. तू जे पाहशील ते तूही नोंदव, या नोंदी पुढे संशोधनाला लागतात. घरची फार आठवण आली, तर प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’वर महाराष्ट्रातली आकाशवाणी केंद्रं थेट लागतात. रात्री दहानंतर फोनवर उगाच बोटं फिरवण्यापेक्षा ते लाव आणि झोप.

एका बाबतीत सावध राहा. ‘मोफत’ म्हणत जिथे तुझा आधार क्रमांक किंवा ओटीपी मागतील, तिथून लगेच बाहेर पड. प्रवेशपत्र आणि निकालाच्या दिवसांत आयोगाच्या नावाशी मिळतीजुळती पानं उगवतात. पत्ता नीट वाच, सरकारी पत्त्याच्या शेवटी काय असतं ते तुला ठाऊक आहे. आणि मी सांगितलेलं सगळं एकदम उघडून बसू नकोस. वीस पानं उघडी ठेवून एकही न वाचणारी हुशार मुलं मी वाचनालयात खूप पाहिली आहेत. एका वेळी एक प्रश्न घे आणि त्याचा मूळ कागद सापडेपर्यंत दुसरा घेऊ नकोस.

पुढच्या रविवारी जेवायला ये. ग्रीन लाइनने पश्चिम विहारला उतरलास की फोन कर, काका घ्यायला येतील. २९ नोव्हेंबरची चर्चा तेवढी वाचून ये. बाबासाहेबांनी शहांना उत्तर का दिलं नसावं, यावर मला तुझं मत ऐकायचं आहे. माझं मत मी तेव्हाच सांगेन.

तुझी,
मावशी