कुलूप दुसऱ्याचे

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी माझ्या संगणकावरील ‘ओव्या’ या नावाने ठेवलेल्या फाइली उघडेनाशा झाल्या. आजीकडून व तिच्या सोबतिणींकडून दोन सुट्ट्यांत उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांत होत्या, एम. ए.च्या माझ्या प्रबंधिकेचा सारा आधार तोच. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता : मुदतीत बिटकॉइनमध्ये रक्कम भरा, म्हणजे किल्ली मिळेल. चूक माझीच. परीक्षा अर्जाची पावती समजून इ-मेलबरोबर आलेली फाइल मी उघडली होती. त्याहून मोठी चूक अशी, की दुसरी प्रत ज्या पेन ड्राइव्हवर होती, तो संगणकालाच लावलेला होता. तोही कुलूपबंद झाला.

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. आपला माल आपल्याच घरात राहतो, पण त्याला कुलूप दुसऱ्याचे लागते. (अलीकडे आधी मालाची प्रत पळवून ती जाहीर करण्याची धमकीही देतात.) १९८९ साली एड्सविषयक माहितीच्या म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने अनेक देशांत गेल्या. संगणक सुमारे ९० वेळा सुरू झाला की फाइलींची नावे गुप्त लिपीत जात आणि पनामातील टपालपेटीत १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी येई. या प्रकरणी जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञास अटक झाली. ते कुलूप कच्चे होते. लावायची आणि उघडायची किल्ली एकच, त्यामुळे जाणकारांनी ते उघडले. आज किल्ल्या दोन असतात. लावायची आपल्या संगणकात येते, उघडायची खंडणीखोराकडेच राहते. पहिलीवरून दुसरी शोधणे व्यवहारात अशक्य!

मग पैसे भरावेत काय? माझे वडील तयार झाले होते. पण २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ची हकीकत मी वाचली. त्यात किल्ली देण्याची सोयच नव्हती. पैसे भरणाऱ्यांचे पैसे गेले. आपल्या न्हावा शेवा बंदरातील मर्स्क या डॅनिश कंपनीच्या टर्मिनलचे कामही त्याने ठप्प केले. या कंपनीचे जगभरचे जाळे पुन्हा उभारताना एका महत्त्वाच्या यंत्राची शाबूत प्रत कोठेच मिळेना. अखेर ती घानामध्ये मिळाली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आम्हां मंडळींना हे वाचून गंमत वाटावी.

म्हणून प्रत करावी ती दुसऱ्या डिस्कवर, आणि काम होताच ती सोडवून कपाटात ठेवावी. मधूनमधून उघडूनही पाहावी. संगणकाचे अपडेट टाळू नयेत. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने ज्या फटीतून जगभर शिरकाव केला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. घात झालाच तर प्रथम इंटरनेट तोडावे, १९३० वर तक्रार करावी आणि कुलूपबंद फाइली पुसू नयेत. काही जुन्या कुलपांच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाकडे विनामूल्य मिळतात. माझ्या कुलपाची तेथे नव्हती.

आजीच्या फडताळात राहिलेल्या एका वहीत त्र्याऐंशी ओव्या मिळाल्या. बाकीच्यांसाठी मी पुन्हा गावी गेले. आजीच्या सोबतिणींपैकी सर्वांत जास्त ओव्या येणाऱ्या काकू दिवाळीतच वारल्या होत्या.