पंपाचा आवाज ओळखायला शीक

अगं, यलोस्टोनच्या सहलीत गाडी कोण चालवणार आणि कुठल्या रस्त्याने जायचं, यावर तुमच्याकडे रोज रात्री चर्चा होत असेल. होऊ दे. तू मात्र एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात घे, ती म्हणजे मोटरहोममधलं पाणी. आईला पहाटे चहाला पाणी लागणार, बाबांना गोळ्या घ्यायला, मुलांचे हात तर दिवसभर धुवावे लागणार. आणि नळ कोरडा पडला की हाक तुलाच येणार. भाड्याने गाडी देणारा माणूस सगळं भराभर सांगून मोकळा होतो, आणि तुमच्या डोळ्यांवर तेव्हा अजून विमानातली झोप असते. म्हणून आत्ताच सांगते.

गाडीच्या बाहेरच्या अंगाला पाणी आत घ्यायच्या दोन जागा असतात. एकीतून पाणी सरळ टाकीत पडतं. दुसरीवर ‘सिटी वॉटर’ असं लिहिलेलं असतं; तिथे कॅम्पग्राउंडच्या नळाची नळी जोडली की बाहेरच्या दाबावरच आतले नळ चालतात, पंप लागत नाही. पण बहुतेक गाड्यांत या दुसऱ्या वाटेने टाकी भरत नाही, हे मनात पक्कं ठेव. दोन दिवस नळाला मस्त पाणी येतं, माणसं निर्धास्त होतात, आणि पुढच्या मुक्कामी नळ नसला की टाकी रिकामी निघते. काही गाड्यांत एकच जोड असतो आणि शेजारचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी टाकीत घ्यायचं की नळांना द्यायचं ते ठरतं. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे, ते त्या माणसाला आधी विचार. नुसतं बघू नकोस. ‘मी करते, तुम्ही बघा,’ असं त्याला सांग आणि मुलाला फोनवर व्हिडिओ काढायला लाव.

कॅम्पग्राउंडच्या नळाला कधी कधी फार जोर असतो. गाडीतल्या पाइपांना ४० ते ५० पीएसआय दाब पुरे. त्यासाठी पितळेचा छोटा प्रेशर रेग्युलेटर मिळतो. तो गाडीच्या बाजूला न लावता नळाच्या तोंडाशी लाव, म्हणजे नळीही सांभाळली जाते. आणि नळी पिण्याच्या पाण्याचीच हवी. ती बहुधा पांढरी किंवा निळी असते. बागेची हिरवी नळी पाण्याला रबराचा वास देते, शिवाय तिच्यात शिसं असू शकतं. संडासाची टाकी धुवायची नळी वेगळी असते. ती या नळीच्या शेजारीसुद्धा ठेवू देऊ नकोस. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, अनेकदा दोन नळ असतात. ज्यावर ‘नॉन-पोटेबल’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलंय तो फक्त घाण नळी धुण्यासाठी असतो. तिथे घाई करू नकोस, पाटी वाच, आणि टाकीला हात लावण्याआधी साबणाने हात धू.

आता टाकीच्या स्वच्छतेचं. यात मी फार काटेकोर आहे आणि तूही राहा. आधीच्या भाडेकरूंनी कुठलं पाणी भरलं होतं, ते किती दिवस साचून होतं, हे आपल्याला कळत नाही. टाकी शेवटची कधी निर्जंतुक केली, ते थेट विचार. गुळमुळीत उत्तर आलं तर पहिल्या मुक्कामी आपणच करायचं. १५ गॅलन टाकीमागे पाव कप, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर, साधं बिनवासाचं ब्लीच घे. फिल्टर असेल तर आधी काढून ठेव. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओत, वरून टाकी पूर्ण भर. मग एकेक नळ उघड, गार आणि गरम दोन्ही, शॉवरसुद्धा. प्रत्येकातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी जाऊ दे. तीन-चार तास तरी तसंच ठेव, जमलं तर रात्रभर. नंतर टाकी रिकामी कर आणि वास जाईपर्यंत ताजं पाणी भरून सोडत राहा. नळातून गुलाबी पाणी आलं तर घाबरू नकोस. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून भरलेलं ते अँटिफ्रीझ असतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत, फेस थांबेपर्यंत नळ वाहू दे. एवढं सगळं केलं तरी आई-बाबांच्या पिण्यासाठी मी वेगळा जारच घेईन. टाकीतलं पाणी चांगलं असतं, पण प्लास्टिकची चव लागली की बाबा पाणी कमी पितात, आणि यलोस्टोनच्या उंचीवर ते परवडणार नाही.

आणि पंप. याच्यावर मात्र जीव लाव, कारण तो बोलतो. १२ व्होल्टचा हा छोटा पंप नळ उघडला की घुरघुरतो आणि नळ बंद केला की पाइपात दाब भरून एक-दोन क्षणांत गप्प होतो. हा झाला त्याचा नेहमीचा सूर. नळ बंद असताना मधूनच एखाद्या क्षणापुरता घुर्र करून थांबला, तर कुठेतरी पाणी झिरपतंय किंवा एखादा नळ नीट बंद नाही. थांबतच नसेल तर टाकी संपली असेल किंवा एखादा जोड निसटला असेल. आधी पंपाचा खटका बंद कर, मग सिंकखाली आणि संडासामागे टॉर्च मार. नळ फुरफुरून पाणी थुंकत असेल तर पाइपात हवा आहे. एकेक नळ उघडून ती जाऊ दे. गाडी चालताना पंप बंद. रात्री झोपतानाही बंद, नाहीतर एका सैल जोडापायी सकाळी गाद्या ओल्या. टाकी किती भरलीय हे दाखवणारे दिवे तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश असे उड्या मारत सांगतात. त्यापेक्षा पंपाच्या आवाजाने मला जास्त नेमकं कळतं.

गरम पाण्याचा हीटर रिकामा असताना कधीच लावायचा नाही. गरम पाण्याचा नळ सोड, धार सलग आली की हीटर भरला असं समज आणि मगच खटका दाब. हीटर बहुधा ६ गॅलनचा, म्हणजे जेमतेम एका बादलीएवढा असतो.

वजनही ध्यानात ठेव. ४० गॅलनची टाकी भरली की गाडीत १५० किलो वाढतात. पुढच्या मुक्कामी नळ असेल तर घाटात पूर्ण टाकी वाहून नेण्यात अर्थ नाही. संडास आणि चहापुरतं ठेव.

वापराचं तुला काय शिकवू? तासभर येणाऱ्या पाण्यावर वाढलोय आपण. पण आईची सवय बघ, ती तांदूळ वाहत्या नळाखाली धुते. तिला पातेलं दे. ताटं-कढया आधी कागदाने पुसून मग धुवा. कारण चांगलं पाणी संपायच्या आधी सांडपाण्याची टाकी भरते, आणि तेलकट, पिठूळ पाणी तिच्यात गेलं की वास सुटतो. बाबांना शॉवरच्या खोक्यात बादली-मग दे, त्यांना तेच आवडेल. बाकीच्यांनी अंग ओलं करून पाणी बंद, साबण, मग धुणं. काटकसर फक्त संडासात नको. संडासाची टाकी रिकामी केल्यावर तिच्यात थोडं पाणी घालून ठेवावंच लागतं, नाहीतर मळ तळाशी घट्ट बसतो.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी, असे तिन्ही जोड फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये मिळतात. बाकीच्या तळांवर सगळी भिस्त टाकीवर. सांडपाणी जमिनीवर ओतायला मनाई आहे, आणि खरकट्याच्या वासाने अस्वलं येतात. भांडी घासलेलं पाणी झुडपात टाकायचं मुलांच्या मनातही येऊ देऊ नकोस. तिथे भर उन्हाळ्यातही रात्री कधी पारा शून्याखाली जातो. तशी रात्र असेल तर संध्याकाळीच टाकी भरून घे, बाहेरची नळी सोडव, तिच्यातलं पाणी झटकून दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून ठेव, आणि रात्री लागेल तेवढ्यापुरता पंप लाव.

नळीच्या तोंडात बसणारे रबरी वॉशर चार-पाच जास्तीचे घे. ते हरवतात आणि मग जोडातून पाणी गळत राहतं. गाडी ताब्यात मिळाली की तिथूनच व्हिडिओ कॉल लाव. टाकी कुठून भरायची ते आपण दोघी मिळून बघू, आणि तुमचा पंप मला ऐकव.