वेबसाइट उघडते, पण भलतीच! दोष साइटचा, राउटरचा की नेट देणाऱ्याचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर जे करून दाखवलं, तेच इथे सावकाश लिहून देतोय. कमांड वगैरे व्हिडिओ थांबवून थांबवून लिहून घेणं त्रासाचं असतं. हे पान जपून ठेवा आणि लागेल तेव्हा उघडा.

ग्राहकाचा फोन येतो, "अहो, तुमची वेबसाइट उघडली तर भलतंच काहीतरी येतंय." तुम्ही लगेच आपल्या मोबाइलवर बघता, तर साइट व्यवस्थित. मग माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर "त्यांच्याच मोबाइलचा प्रॉब्लेम असेल" म्हणून सोडून देतो. नाहीतर घाबरून वेबसाइट बनवणाऱ्याला फोन लावतो, आणि तो म्हणतो, "साइट जुनी झालीय, नवीन करून टाकू." दोन्हीत पैसा तुमचाच जातो. पहिल्यात ऑर्डर जातात, दुसऱ्यात थेट खिशातून. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी वाट नेमकी कुठे चुकतेय ते शोधायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या. आपण नवीन गावात गेलो की चौकात कुणाला तरी पत्ता विचारतो. इंटरनेटवरही तसंच चालतं. ग्राहक तुमच्या साइटचं नाव टाइप करतो, पण मोबाइलला लागतो तो नंबर, म्हणजे आयपी ॲड्रेस. हा नंबर सांगणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. आणि चौकात उभा राहून उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा ग्राहकाच्या नेट कंपनीचाच असतो, म्हणजे त्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर. त्याने जुना पत्ता सांगितला तर? तुमचं दुकान जागेवर, पाटी लागलेली, शटर उघडं, आणि गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच गल्लीत. तुम्ही दुकानात बसून कितीही बघितलं तरी तुम्हाला काही चुकलेलं दिसणार नाही.

हा चौकातला माणूस प्रत्येक वेळी नव्याने चौकशी करत नाही. एकदा मिळालेलं उत्तर तो ठराविक वेळ लक्षात ठेवतो. किती वेळ ठेवायचं ते तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये सेकंदांत लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात. १४४०० असेल तर चार तास, ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. सर्व्हर नीट चालवला असेल तर वेळ संपल्यावर नवीन उत्तर आणतो. नीट चालवला नसेल तर जुनंच उत्तर कवटाळून बसतो. गल्लोगल्ली केबलसोबत नेट देणारे जे छोटे पुरवठादार आहेत, त्यांच्याकडे हे जास्त दिसतं असं माझं निरीक्षण आहे. मोठ्यांकडे होतच नाही असं मात्र समजू नका.

ग्राहकाकडून तीन गोष्टी मागा

पहिली, स्क्रीनशॉट, आणि तो वरच्या ॲड्रेस बारसकट. दुसरी, नेट कुणाचं: घरचं वायफाय की मोबाइल डेटा, आणि कंपनी कोणती. तिसरी, साइट उघडली कशी: नाव टाइप करून, गूगलवरून, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून की पॅम्फ्लेटवरच्या क्यूआर कोडवरून.

स्क्रीनशॉट आला की आधी ॲड्रेस बार बघा, अर्धं निदान तिथेच होतं. वर नाव तुमचंच आणि पान दुसऱ्याचं, तर पत्ता चुकीचा सांगितला जातोय. हा आपला आजचा विषय. वर नावच बदललं असेल आणि साइट तिसरीकडेच उडी मारत असेल, तर तुमच्या साइटमध्ये कुणीतरी घुसलेलं असू शकतं, विशेषतः फक्त गूगलवरून आल्यावरच तसं होत असेल तर. तेव्हा होस्टिंगवाल्याला गाठा. नेट कंपनीला दोष देत बसलात तर तेवढ्या वेळात नुकसान वाढेल.

नेट कंपनीचं लॉगिन किंवा रिचार्जचं पान दिसत असेल तर हसू नका, पण ग्राहकाचा प्लॅन संपलेला असतो. कुठलीही साइट उघडली तरी तेच पान येणार. आणि जाहिरातींनी भरलेलं, 'हे डोमेन विकत घ्या' छापाचं पान असेल तर आधी स्वतःच्या डोमेनची मुदत तपासा. नूतनीकरण विसरलेलं असतं. आज पैसे भरले तरी काही ठिकाणी ते पान आणखी दोन दिवस दिसू शकतं, कारण डॉट कॉमच्या वरच्या नोंदी ४८ तासांपर्यंत लक्षात ठेवल्या जातात. त्यात नेट कंपनीची चूक नाही.

स्पेलिंगही बघा. नाव चुकलं तर 'असं काही नाही' एवढंच उत्तर यायला हवं, पण काही नेट कंपन्या त्याऐवजी आपलं जाहिरातींचं पान दाखवतात. ही खोड जुनी आहे. डॉट कॉमची यादी सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने १५ सप्टेंबर २००३ पासून चुकीची टाइप केलेली सगळी डॉट कॉम आणि डॉट नेट नावं आपल्या पानाकडे वळवली होती. एवढी ओरड झाली की ४ ऑक्टोबरला ते बंद करावं लागलं. तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की पॅम्फ्लेट छापायला देण्यापूर्वी त्यावरचा पत्ता स्वतः टाइप करून बघा.

आता खरी तपासणी

एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्राहकाला सांगा, "वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर तीच साइट उघडा." मोबाइल तोच, साइट तीच, बदललं फक्त नेट. डेटावर साइट बरोबर आली तर साइट आणि मोबाइल दोघंही सुटले. राहिले दोन संशयित: घरचा राउटर आणि नेट कंपनी. आता त्याच कंपनीचं नेट असलेलं दुसरं घर शोधा. तिथेही भलतंच पान आलं तर कंपनी. तिथे नीट आलं तर राउटर.

राउटरला हलक्यात घेऊ नका. नेट जोडायला आलेला मुलगा बऱ्याचदा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवून जातो. मग कुणीतरी आत शिरून डीएनएसचे नंबर बदलतो आणि त्या घरातली सगळी उपकरणं त्याला हव्या त्या वाटेने जातात. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने याच युक्तीने जगभरात चाळीस लाखांवर संगणक फिरवले होते. त्यामागची टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये पकडली गेली. उपाय सोपा आहे: राउटर रीसेट करा, पासवर्ड बदला, डीएनएसच्या रकान्यात अनोळखी नंबर नाही ना ते बघा.

उलटं झालं तर? म्हणजे वायफायवर साइट नीट, पण मोबाइल डेटावर जुनी किंवा भलतीच. इथे बरेच जण फसतात. तुमच्या डोमेनला दोन प्रकारचे पत्ते असू शकतात: जुना चार आकडी गटांचा आणि नवीन लांबलचक, म्हणजे आयपीव्ही-सिक्स. मोबाइल कंपन्यांचं नेट बऱ्याचदा नवीन पत्ता आधी वापरतं, आणि अनेक केबलवाल्यांकडे फक्त जुनाच चालतो. होस्टिंग बदलताना वेबसाइटवाल्याने डीएनएसमधली 'ए' नोंद बदलली आणि 'क्वाड-ए' नोंद तशीच सोडली, की मोबाइलवाले सगळे जुन्या होस्टिंगवर जातात. दिसायला चूक नेट कंपनीची, पण ती तुमच्याच डोमेनच्या सेटिंगमध्ये असते. तक्रार करण्याआधी ही नोंद बघून घ्या, नाहीतर तोंडावर पडाल.

सगळी बोटं नेट कंपनीकडे वळली की पुरावा गोळा करायचा. हे काम तुमच्या घरच्या नेटवर करून उपयोग नाही. जिथे पान चुकीचं येतंय त्याच नेटवर लॅपटॉप लावा. विंडोजमध्ये सीएमडी उघडा, काळी खिडकी येईल. त्यात इंग्रजीत एनएसलुकअप टाइप करा, एक जागा सोडा, तुमच्या साइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. वरच्या दोन ओळींत कुणाला विचारलं ते येतं, बहुतेक राउटरचाच नंबर. तो तुमच्या साइटचा नाही, इथे गोंधळू नका. खाली जो पत्ता येतो ते उत्तर. आता तीच ओळ पुन्हा लिहा आणि शेवटी एक जागा सोडून ८.८.८.८ जोडा, आकडे अर्थातच इंग्रजीत. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे. आता तोच प्रश्न तुम्ही दुसऱ्या माणसाला विचारला.

दोन्ही उत्तरं होस्टिंग पॅनलमधल्या पत्त्याशी ताडून बघा. गूगलचं जुळलं आणि कंपनीचं नाही, तर पुरावा हातात आला. फोटो काढून ठेवा. मात्र क्लाउडफ्लेअरसारखी सेवा वापरत असाल तर पॅनलमधला पत्ता बाहेर दिसतच नाही आणि उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, तेव्हा तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आणखी एक मेख आहे. काही पुरवठादार गूगलला विचारलेला प्रश्नही मधेच पकडून स्वतःच उत्तर देतात, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच चुकीचं उत्तर येतं. अशा वेळी मोबाइल त्याच वायफायवर ठेवून अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि तिथे इंग्रजीत डीएनएस डॉट गूगल लिहा. हा प्रश्न बंद पाकिटातून जातो, वाटेत वाचता येत नाही. साइट लगेच बरोबर आली तर वेगळं सांगायला नको.

एका ताईंची दिवाळी

सांगलीकडच्या एका ताई दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकतात. दिवाळीला बारा दिवस असताना त्यांनी होस्टिंग बदललं, स्वस्त मिळालं म्हणून. जुनं त्याच दिवशी बंद करून टाकलं. सहा दिवसांनी लक्षात आलं की गावातल्या ऑर्डर जवळजवळ थांबल्यात, पुण्या-मुंबईच्या मात्र येतायत. गावातले बरेच जण एकाच केबलवाल्याचं नेट वापरतात. त्याचा सर्व्हर जुनाच पत्ता सांगत होता, आणि तो पत्ता एव्हाना दुसऱ्याच कुणाला मिळाला होता. काहींना ब्राउझरचा 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिसला आणि ते घाबरून मागे फिरले. पॅम्फ्लेटवरच्या क्यूआर कोडमध्ये लिंक साध्या एचटीटीपीची होती, त्यामुळे तिथून आलेल्यांना इशारा न येता थेट मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान दिसलं! चकली मागायला गेलेल्या माणसाला ब्रेक पॅड.

वेबसाइटवाल्याने नवीन साइटचे बारा हजार सांगितले होते. आम्ही शेजारच्या घरी बसून वर लिहिलेली तपासणी केली. टीटीएल चार तासांचं, आणि सहा दिवस जुनं उत्तर. केबलवाल्याच्या ऑफिसात आधी "साइट तुमची, प्रॉब्लेम तुमचा" असंच ऐकायला मिळालं. दोन उत्तरांचा फोटो दाखवल्यावर त्यांनी वरच्या इंजिनिअरला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हरची जुनी आठवण पुसली गेली. बारा हजार वाचले. सहा दिवसांच्या गावातल्या ऑर्डर मात्र गेल्याच, त्या परत कशा आणणार?

म्हणून होस्टिंग बदलायचं असेल तर दोन दिवस आधी टीटीएल ३०० करून ठेवा, म्हणजे पाच मिनिटं. बदलल्यावर जुनं होस्टिंग किमान महिनाभर चालू ठेवा आणि त्यावर तीच साइट राहू द्या. दोन-चारशे रुपये जास्त जातील, जाऊ देत. चुकीच्या वाटेने आलेला ग्राहकही तुमच्याच दारात पोहोचेल. क्यूआर कोडमध्ये एचटीटीपीएसचीच लिंक द्या. आणि सणाच्या तोंडावर होस्टिंगला हातच लावू नका.

दुरुस्ती होईपर्यंत

ग्राहकांना व्हॉट्सॲपवर साधा निरोप पाठवा: 'काही वायफायवर आमची साइट चुकीची उघडत आहे. कृपया मोबाइल डेटावर उघडा किंवा इथेच ऑर्डर द्या.' ब्राउझरचा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबायला कुणालाही सांगू नका. आणि ते चुकीचं पान हुबेहूब तुमच्यासारखं दिसत असेल, वर पैसेही मागत असेल, तर तो बिघाड नसून फसवणूक आहे. ज्याचे पैसे गेले त्याने लगेच १९३० वर फोन करायचा.

नेट कंपनीकडे तक्रार तोंडी करू नका. तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, कारण समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तो लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. आणि 'साइट चालत नाही' एवढंच लिहिलंत तर राउटर बंद-चालू करायला सांगतील. त्याऐवजी असं लिहा:

'आपल्या डीएनएस सर्व्हरकडून आमच्या डोमेनचा जुना आयपी ॲड्रेस दिला जात आहे. योग्य पत्ता अमुक, आपल्याकडून मिळणारा पत्ता तमुक. नोंद अमुक तारखेला बदलली असून टीटीएल चार तासांचं आहे. गूगलच्या डीएनएसवर योग्य उत्तर येते. तपासणीची तारीख, वेळ आणि फोटो जोडले आहेत. कृपया आपल्या सर्व्हरवरील या डोमेनची कॅशे साफ करावी आणि ही तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवावी.'

तक्रार ज्याच्या नावावर नेट कनेक्शन आहे त्याच्याकडून गेलेली बरी. तुम्ही त्या कंपनीचे ग्राहक नसाल तर एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला विनंती करा. मजकूर आणि फोटो तुम्हीच तयार करून द्या, म्हणजे त्यांना फक्त पाठवायचं काम राहील.