खेळताना दातांना कवच हवेच

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा असून शाळेच्या हॉकी संघात खेळतो. प्रशिक्षकांनी माउथगार्ड घ्यायला सांगितले आहे. दुकानातला तयार चालेल का?

उत्तर : माउथगार्ड जरूर घ्या. स्टिक किंवा चेंडू लागून सर्वाधिक इजा वरच्या पुढच्या दातांना होते. म्हणून तो सहसा वरच्या दातांवर बसवतात. अगदी तयार मिळणारा सैल असतो, दात आवळून धरावा लागतो. बोलताना, श्वास घेताना अडचण होते. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा प्रकार त्याहून बरा. दंतवैद्यांनी माप घेऊन बनवलेला सर्वांत उत्तम. मात्र या वयात कायमचे दात येत असतात, त्यामुळे तो नीट बसतो का, हे दर मोसमात तपासून घ्या. दातांना तारा असतील तर आधी दंतवैद्यांना विचारा. वापरल्यावर गार पाण्याने धुऊन हवेशीर डबीत ठेवा. उष्णतेने आकार बिघडतो.

एवढे करूनही कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाकडून धरू नका, घासू नका. दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्यांकडे न्या. तो पुन्हा बसवता येऊ शकतो.